काशीतली दिवेलागण, गर्दीच्या दोन घाट अलीकडे

काशीला जाऊन आलेल्या बाईला शेजारणी दोन प्रश्न हमखास विचारतात. विश्वनाथाचं दर्शन कसं झालं? आणि गंगेची आरती पाहिलीत का? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात रांगेचं वर्णन येतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र पुष्कळदा असं असतं, "पाहिली म्हणजे काय, घंटा ऐकल्या, धूर दिसला. पुढे नुसती माणसांची भिंत होती हो!"

हे ऐकून वाईट वाटतं. आपल्याकडच्या कितीतरी बायका काशीची यात्रा वर्षानुवर्षं पुढे ढकलत आलेल्या असतात. आधी मुलांच्या परीक्षा, मग लेकीचं बाळंतपण, मग सासूबाईंचं आजारपण. अखेर जमतं तेव्हा हाती येतात जेमतेम दोन-तीन संध्याकाळी. त्यातली एक जरी धक्के खाण्यात, पर्स छातीशी धरण्यात आणि बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाचा हात सुटू नये या धास्तीत गेली, तरी मनाला चुटपुट लागून राहते. ती लागू नये म्हणून हा लेख. काशीतली संध्याकाळ निवांत घालवता येते. त्यासाठी ना ओळख लागते, ना जास्तीचा पैसा. गर्दी कुठे आणि केव्हा होते एवढं समजून घेतलं आणि आपण थोडं बाजूला सरकलो, की काम झालं.

गर्दी कुठे असते?

काशीचे घाट चौऱ्याऐंशी म्हणून सांगतात. दक्षिणेला अस्सी घाटापासून उत्तरेला राजघाटच्या पुलाकडे ते एका कमानीसारखे पसरले आहेत. हिमालयातून निघालेली गंगा इथे वळसा घेऊन उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत. सहा-सात किलोमीटरच्या या काठावर संध्याकाळची खरी दाटी होते ती दशाश्वमेध आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या एक-दोन घाटांवर. तीही ठराविक वेळेला. आरती हिवाळ्यात सहाच्या सुमारास आणि उन्हाळ्यात सातच्या सुमारास सुरू होते, साधारण पाऊण तास चालते. माणसं तास-दीड तास आधीपासून जागा धरून बसतात आणि आरती संपली की सगळी एकदम उठतात. गोदौलिया चौकाकडे जाणारा रस्ता त्या वेळी तुडुंब भरतो. चौकाच्या पुढे वाहनंही सोडत नाहीत, म्हणजे अर्धा-पाऊण किलोमीटर पायी चालणं आलंच.

दिवसांचंही गणित आहे. श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र, कार्तिकी पौर्णिमेची देवदीपावली, नाताळ ते नवीन वर्ष, आणि एरवीचे शनिवार-रविवार हे गर्दीचे दिवस. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून यात्रेकरूंची संख्या फारच वाढली. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत प्रयागला महाकुंभ होता, तेव्हा तिथून काशीला येणाऱ्यांचा लोंढा आवरता आवरत नव्हता. तेव्हा जमलं तर सोमवार आणि सणवार टाळून मंगळवार ते गुरुवार अशा संध्याकाळी हाती ठेवाव्यात.

आता एक गंमत. घाट पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य मावळतो तो आपल्या पाठीमागे, घरांच्या आड. दुपार कलली की पायऱ्यांवर सावली उतरते. म्हणून संध्याकाळ इथे लवकर सुरू करता येते. डिसेंबरात सूर्यास्त सव्वापाचच्या आत होतो, जूनमध्ये पावणेसातनंतर. सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी घाटावर यावं. ऊन लागत नाही, आणि बहुतेक मंडळी त्या वेळी दशाश्वमेधकडे निघालेली असतात.

अस्सीहून केदारापर्यंत

चालायची सवय असेल तर ही संध्याकाळ सर्वांत सोपी. रिक्षा किंवा टोटो (तिकडे बॅटरीच्या रिक्षाला टोटो म्हणतात) अस्सी चौकापर्यंत येते. अस्सीवर अलीकडे तरुण मंडळींची वर्दळ असते आणि तिथेही संध्याकाळी आरती होते. तिथे कुल्हडमधला चहा घ्यावा आणि गंगा उजव्या हाताला ठेवून चालू लागावं.

लगेच लागतो तुलसी घाट. संत तुलसीदास इथे राहत. १६२३ मध्ये त्यांनी इथेच देह ठेवला, असं मानतात. महाशिवरात्रीच्या सुमारास याच घाटावर ध्रुपद मेळा भरतो. मागच्या बाजूला भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान म्हणून स्मारक आहे. आपल्या तांब्यांची मनू या गावात जन्मली, हे पुष्कळ जणींना तिथे गेल्यावरच आठवतं. तुलसी घाटापासून पुढे जानकी घाट, आनंदमयी मातेचा घाट, जैन घाट असे शांत घाट एकापाठोपाठ येतात. कुणी कपडे वाळवत असतं, पोरं क्रिकेट खेळत असतात, एखादा म्हातारा पायरीवर बसून पान जमवत असतो. पर्यटकांसाठी मांडलेलं इथे फारसं काही नाही, म्हणूनच बसायला जागाही आहे.

मग चेतसिंह घाट. किल्ल्यासारख्या उंच दगडी भिंतीमुळे तो लांबूनच ओळखू येतो. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने पैशासाठी राजा चेतसिंहाला त्याच्याच वाड्यात अटकेत ठेवलं. तेव्हा चकमक उडाली आणि राजा पागोट्यांची दोरी करून खिडकीतून गंगेकडे उतरला व नावेतून निसटला. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट याच पायऱ्यांवर बसून सांगावी. पाठ्यपुस्तकात वाचलेल्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहते.

याच्या पुढे हरिश्चंद्र घाट आहे. तिथे चिता पेटलेल्या असतात आणि वाट अगदी जवळून जाते. काशीच्या लोकांना त्यात वावगं काही वाटत नाही, पण लहान मुलं किंवा नुकतंच घरात दुःख झालेलं माणूस बरोबर असेल तर चेतसिंह घाटावरूनच वर शिवाल्याच्या रस्त्याला लागावं. पुढे जाणारच असाल तर मान खाली घालून, न थांबता जावं. फोटो तर काढूच नयेत. आपल्या घरच्या माणसाला निरोप देताना कुणी कॅमेरा रोखला तर आपल्याला कसं वाटेल?

हरिश्चंद्र घाट ओलांडला की थोड्याच वेळात केदार घाटाचे तांबडे-पांढरे पट्टे दिसू लागतात. गौरी केदारेश्वराच्या या देवळात दाक्षिणात्य आणि बंगाली यात्रेकरूंचा राबता असतो. संध्याकाळी घंटा सुरू झाली की पायऱ्यांवर बसूनही ती ऐकू येते. दशाश्वमेध इथून पाऊण किलोमीटरवर आहे. तिकडचा उजेड आणि नावांची रांग लांबून दिसते, आणि आपल्या भोवती मात्र ऐसपैस जागा असते. दिवेलागणीला हात जोडून बसायला यापेक्षा वेगळं काय हवं? मन भरलं की वरच्या गल्लीतून सोनारपुऱ्याच्या रस्त्यावर यावं. तिथे रिक्षा मिळते आणि गोदौलियाची गर्दी वाटेत लागतच नाही.

आपल्या माणसांनी बांधलेले घाट

दुसरी संध्याकाळ दशाश्वमेधच्या उत्तरेला. काशीचं आणि मराठी माणसाचं नातं जुनं आहे. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे. विश्वनाथाचं देऊळ १७८० च्या सुमारास पुन्हा उभं केलं ते अहिल्याबाई होळकरांनी. त्यांच्या नावाचा घाट दशाश्वमेधच्या दक्षिणेला जवळच आहे. उत्तरेकडे जाताना नागपूरकर भोसल्यांचा घाट लागतो. त्याच्या आधी शिंदे घाट. तो बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवला. बांधकाम इतकं जड झालं की घाट खचला. शेजारचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ एका बाजूला कललेलं आहे आणि वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो.

याच्या पुढे पंचगंगा घाट. इथल्या बिंदुमाधवाचं आजचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं आहे. घाटावर दगडी दीपमाळ आहे, तिला ‘हजारा’ म्हणतात. तीही अहिल्याबाईंचीच, असं सांगतात. कार्तिक महिनाभर इथे उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या टोपल्या बांधून त्यांत पणत्या ठेवतात. त्यांना आकाशदीप म्हणतात. दिवाळीत दारावर आकाशकंदील लावणाऱ्या आपल्या डोळ्यांना ते दृश्य फार ओळखीचं वाटतं. देवदीपावलीच्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते, पण कार्तिकातल्या इतर संध्याकाळी हे दिवे चढवताना निवांत पाहता येतं. पलीकडेच दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. ही जुनी मराठी वस्ती. जवळच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करीत.

इथे पोचायच्या दोन वाटा आहेत. दशाश्वमेधहून घाटाघाटाने चाललं तर किलोमीटर-सव्वा किलोमीटर पडतं, पण मध्ये मणिकर्णिका लागतं. तिथे चितांसाठी लाकडं घ्यायची म्हणून पैसे मागणारी, ‘वरून छान दिसतं, चला’ म्हणणारी माणसं भेटतात. त्यांच्या मागे जाऊ नये. दुसरी वाट मैदागिन चौकापासून काळभैरवाच्या गल्लीतून जाते. ती विचारत विचारत सापडते. पंचगंगेच्या पायऱ्या मात्र उभ्या चढणीच्या आहेत. गुडघे दुखत असतील तर नावेतून यावं आणि नावेतूनच पाहावं. आणि बायकाच बायका असाल तर अंधार पूर्ण पडायच्या आत गल्ली ओलांडून मोठ्या रस्त्यावर यावं. काशीची माणसं मदतीला तत्पर असतात, पण गल्ल्यांचा चकवा रात्री भल्याभल्यांना पडतो.

पायऱ्या झेपत नसतील तर

सत्तरीतल्या सासूबाईंना चार पायऱ्या म्हणजे डोंगर. त्यांना खोलीवर बसवून आपण फिरायला जायचं, हे मनाला पटत नाही. अशा वेळी बनारस हिंदू विश्वविद्यालयाचा परिसर फार सोयीचा. पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या या विद्यापीठाच्या आत रुंद, सपाट, झाडांनी झाकलेले रस्ते आहेत. मधोमध नवं विश्वनाथ मंदिर आहे. रिक्षा देवळापर्यंत जाते. संगमरवरी सभामंडपात बसावं, बाहेरच्या हिरवळीवर मुलांना पळू द्यावं आणि शेजारच्या टपऱ्यांवर चहा-चाट घ्यावी. इथे कुणी घाई करत नाही. म्हातारं माणूस दमलं तर दहा मिनिटांत परत रिक्षात.

आरती पाहायचीच असेल तर

आता कुणी म्हणेल, एवढं लांब जाऊन मोठी आरती पाहायचीच नाही का? जरूर पाहावी. सात पुजारी एका ओळीत उभे राहून पितळेचे जडशीळ दीप एका लयीत फिरवतात, ते पाहण्यासारखंच आहे. फक्त कुठून पाहायची ते आधी ठरवावं.

पुजारी बव्हंशी गंगेकडे तोंड करून असतात, म्हणून नावेतून ते समोरून दिसतात. नाव दशाश्वमेधच्या गर्दीत ठरवू नये. अस्सी किंवा केदारावर ठरवावी. तिथून उत्तरेकडे जाणं म्हणजे प्रवाहाबरोबर जाणं. पूर्वीच्या डिझेलच्या बऱ्याच नावा आता सीएनजीवर चालतात, त्यामुळे धूर कमी झाला आहे. वल्ह्याची नाव मिळाली तर उत्तमच, पण वेळ जास्त लागतो. बसण्याआधी नावाड्याला स्पष्ट विचारावं, "भैया, पूरी नाव का बोल रहे हो, या एक आदमी का?" किती वेळ, कुठून कुठवर, आरतीला थांबणार का, परत कुठे सोडणार, हेही आधीच बोलून घ्यावं. प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय नाव हलू देऊ नये, आणि नावेत जास्त माणसं कोंबत असतील तर सरळ उतरावं.

दुसरा उपाय त्याहून सोपा. आरती संपल्यावर जावं. गर्दी वर चढून गेली की तासाभरात दशाश्वमेधवर निराळीच कळा येते. फुलं झाडली जात असतात, चौरंग उचलले जात असतात, पायऱ्यांवर तुरळक माणसं असतात. काळ्या पाण्यात द्रोणातले दिवे हेलकावत जातात. मुकाट्याने बसायला ही वेळ सर्वांत चांगली.

विश्वनाथाच्या दर्शनाचंही असंच. देवळात सातच्या सुमारास सप्तर्षी आरती असते, तेव्हा दर्शन थांबतं. देऊळ रात्री अकराच्या सुमारास बंद होतं. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून तो खोलीवरच ठेवून जावा.

आणि पौर्णिमा जवळ असेल तर एक संध्याकाळ फक्त चंद्रासाठी राखावी. समोरच्या काठावर वस्ती नाही, नुसती वाळू. सूर्य आपल्या पाठीमागे मावळतो आणि त्याच सुमाराला पूर्ण चंद्र समोर वाळवंटातून वर येतो. तांबूस, मोठा, आणि पाण्यात त्याची लांबच लांब वाट. त्याला आरतीची वेळ नाही, तिकीट नाही, आणि कुठल्याही घाटावरून तो सारखाच दिसतो.

घरून निघताना

पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, यातलं बरंच बदलतं. पाणी चढलं की घाटांना जोडणारी खालची वाट बुडते, नावा बंद ठेवतात आणि आरतीही वर सरकते. पूर ओसरल्यावर काही दिवस पायऱ्यांवर गाळ असतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. डिसेंबर-जानेवारीत मात्र कडाक्याची थंडी आणि धुकं असतं. कानटोपी, शाल, पायमोजे हवेतच.

पायांत मागून पट्टा असलेली, तळ न घसरणारी चप्पल घालावी. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. घाटावर बायकांची सोय मिळेलच असं नाही, म्हणून निघताना खोलीवरच उरकून घ्यावं. पण त्या भीतीने पाणी पिणं सोडू नये. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या आणि मुलाच्या खिशात लॉजचं नाव आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं तेही आधी ठरवावं. ‘केदारच्या देवळाच्या दाराशी’ असं ठरवावं, ‘घाटावर’ नव्हे. दागिने घरीच बरे.

संध्याकाळच्या खाण्यात टमाटर चाट, हिवाळ्यात चुडा-मटर, आणि शेवटी पान. चाट गरम तव्यावरची घ्यावी आणि कच्च्या चटण्या बेतानेच.

राहिली बनारसी साडी. ती संध्याकाळी घेऊच नये. आरतीनंतर ‘कारखाना दाखवतो’ म्हणत मागे लागणाऱ्यांची दलाली आपल्याच बिलात येते, आणि दिव्याच्या उजेडात रंगाचा अंदाजही चुकतो. २००९ पासून बनारसी साडीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा त्या चिन्हाबद्दल विचारावं. पदराचा एखादा सुटा धागा जाळून पाहावा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. हे काम दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटभर न्याहारी करून आणि अंगात तरतरी असताना करावं. संध्याकाळ गंगेकडे तोंड करून बसण्यासाठी मोकळी ठेवावी. सोबत सासूबाई असोत, लेक असो की मैत्रीण, तासभर तरी कुणी कुणाला ‘चला, उशीर होतोय’ म्हणायचं नाही, एवढं निघतानाच ठरवून टाकावं.